छोटी होडी, मोठा बाजार

'लघु आणि मध्यम उद्योग' हे शब्द कानावर पडले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? माझ्या डोळ्यांपुढे येते ती भोसरीची किंवा वागळे इस्टेटची पत्र्याची शेड, आत चार लेथ मशिनी, तेलाचा वास आणि दारात उभा टेम्पो. माझ्या भाच्याचा असाच छोटा कारखाना आहे. मध्यंतरी तो उद्योजकांच्या एका शिबिराला जाऊन आला. दोन दिवस तेथे एकच गोष्ट घोटून घेतली म्हणे. छोट्याला मोठ्यांसमोर टिकायचे असेल तर दोन गोष्टी हव्यात, इनोव्हेशन आणि नेटवर्किंग.

"मावशी, तू जन्मभर मराठी शिकवलंस. याला मराठीत काय म्हणशील?" त्याने फोनवर विचारले.

मी म्हटले, "नवं काही करून पाहणं आणि चार माणसांना धरून राहणं."

"एवढ्यासाठी मी पाच हजार भरले!" असे म्हणून तो हसत सुटला.

विषय मात्र माझ्या डोक्यातून जाईना. कारण हे दोन्ही धडे मी आमच्या मढच्या बंदरावर गेली कित्येक वर्षे बघते आहे. आणि ते अर्धेच गिरवले तर काय होते, तेही बघते आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. मढ म्हणजे मालाडच्या पश्चिमेला, मार्वे रस्त्याच्या पार टोकाला असलेले कोळीवाड्याचे गाव. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीपलीकडे वर्सोवा, फेरीबोटीने काही मिनिटांवर. लोक मढला ओळखतात ते सिनेमाच्या शूटिंगमुळे, किल्ल्यामुळे आणि रविवारच्या सहलींमुळे. पण गावाचे पोट आजही मुख्यतः समुद्रावर आहे.

सरकारी व्याख्येप्रमाणे १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असली की तो 'सूक्ष्म' उद्योग. नोंदणीच्या कागदात होडी बसो न बसो, आकाराने ती सूक्ष्मच. आणि उद्योग म्हणावा असे तिच्यात काय नाही? भांडवल आहे, कर्ज आहे, इंजिन आहे, त्याची दुरुस्ती आहे. नाखवा म्हणजे मालक, तांडेल म्हणजे होडी चालवणारा जाणता माणूस, आणि हाताखाली खलाशी. डिझेल आणि बर्फ हा रोजचा खर्च. शिवाय कारखानदाराला नसलेली एक अडचण आहे. माल गोदामात ठेवता येत नाही. बोंबलात जवळजवळ नऊ दशांश पाणी असते. सकाळी चांदीसारखा चकाकणारा बोंबील, बर्फ नसेल तर दुपारी कोणी फुकट घेणार नाही! १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी. म्हणजे वर्षातले एकसष्ट दिवस कारखान्याला टाळे. कर्जाचे व्याज मात्र सुट्टी घेत नाही.

आमच्याकडची जुनी मासेमारी डोलीची. डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखे जाळे. समुद्राच्या तळाला रोवलेल्या खुंटांच्या आधाराने ते बांधायचे आणि तोंड प्रवाहाकडे करून ठेवायचे. भरती-ओहोटीचे पाणी आपणच मासळी आत आणून देते. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही सगळी डोलीची मासळी. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला प्रवाहाचा जोर असतो तेव्हा धंदा तेजीत, भांगाच्या दिवसांत मंद. शाळेत असताना माझ्या वर्गाच्या हजेरीपटावरसुद्धा उधाण कळायचे. वलांडीवर बोंबील घालायला घरात हात कमी पडले की मागची बाके रिकामी.

या धंद्यात नवे काही येतच नाही, कोळी आपले जुन्याला चिकटून बसलेले, असा एक समज शहरात आहे. तो अगदी खोटा आहे. शिडाच्या होड्या गेल्या, इंजिने आली. सुती आणि सणाची जाळी गेली. ती वरचेवर सुकवावी लागत, कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवावी लागत. नायलॉन आले आणि बायाबापड्यांचे ते काम एकदम थांबले. होडीत बर्फ आला, त्यामुळे लांब जाता येऊ लागले. जाळे ओढायला यंत्र आले. मग वायरलेस, जीपीएस, मोबाइल. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उपग्रहावरून समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळी कुठे असण्याचा संभव आहे ते कळवते. ज्याच्या आज्याने तारे बघून होडी हाकली, तो नातू पडद्यावरचा ठिपका बघून हाकतो आहे. एवढे बदल तर आमच्या शिक्षण खात्यातही झाले नाहीत!

यातले कोणतेही नवेपण एकाच्या घरात राहिले नाही, याचे मला विशेष वाटते. कारखान्यात नवी युक्ती भिंतीआड लपवता येते. बंदरावर भिंतच नाही. कोणाची होडी किती भरून आली, कोणाचे जाळे फाटले, कोणाचे इंजिन किती डिझेल पिते, हे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला ठाऊक. एकजण धाडस करून नवी वस्तू घेतो, बाकीचे हंगामभर बघतात, हसतातसुद्धा, आणि पुढच्या हंगामाला तीच वस्तू दहा होड्यांवर असते. पहिल्याचा फायदा एका हंगामाचा, पण त्याचा अनुभव सगळ्यांचा. आणि त्याचे इंजिन भर समुद्रात बंद पडले तर दोर टाकून ओढून आणायला तेच दहाजण. भाच्याच्या शिबिरात ज्याला नेटवर्किंग म्हणतात ते हेच असावे.

या शेजारधर्माला कायद्याचे रूप मिळाले सहकारी संस्थांमुळे. भारतातली मच्छीमारांची पहिली सहकारी संस्था आपल्याच रत्नागिरीकडच्या कर्ल्याला १९१३ साली निघाली. पुढे किनाऱ्यावर गावोगाव अशा संस्था झाल्या, मढलाही आहेत. एकट्या नाखव्याला डिझेलचा टँकर कोण उधार देणार? संस्थेला मिळतो. डिझेलवरच्या कराचा सरकारी परतावा मिळतो तोही संस्थेमार्फतच. यात चमकदार काही नाही, पण छोट्याचा खर्च जरा मोठ्याच्या जवळ येतो तो असा.

माहिती वाटली गेल्याने काय होते याचे एक सुंदर उदाहरण केरळचे आहे. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात, म्हणजे तेथे टप्प्याटप्प्याने मोबाइल येत असताना, अभ्यास केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यावी लागे आणि थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर त्याच सकाळी मासळीचा तुटवडा असे. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारून योग्य बंदराकडे वळू लागले. फुकट जाणारी मासळी जवळजवळ थांबली, कोळ्यांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला भाव चार टक्क्यांनी कमी पडला. दोघांचाही फायदा! समुद्रात एक मासळी वाढली नव्हती. फक्त या बंदराला त्या बंदराची खबर कळू लागली होती.

पण सगळेच नवे चांगले असते असेही नाही. पर्ससीन जाळ्याने माशांचा आख्खा थवाच घेरून उचलता येतो. रात्री प्रखर एलईडी दिवे सोडले की मासळी आपणहून दिव्याखाली गोळा होते. शिबिरातल्या भाषेत हेही इनोव्हेशनच. एका वर्षाला एका मालकाची चांदी होते. परंतु समुद्र ही सगळ्यांची एकच तिजोरी. एकाने जास्त मोठी पिशवी आणली म्हणून तिजोरी मोठी होत नाही. डोलीच्या जागा पूर्वीपासून वहिवाटीने ठरलेल्या असत, दुसऱ्याच्या जागेत खुंट मारायचा नाही हा रिवाज त्याच शहाणपणातून आला. पारंपरिक मच्छीमारांच्या संघटना वर्षानुवर्षे भांडल्या. मग राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. अंमलबजावणी कितपत होते ते किनाऱ्यावर कोणालाही विचारा. तरी एवढे खरे की एकट्या होडीचे हे गाऱ्हाणे मंत्रालयापर्यंत पोहोचलेच नसते.

आता अर्ध्या धड्याबद्दल.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. वर्गात गणितात पहिला, आता दोन होड्यांचा नाखवा. गणपतीत भेटायला आला तेव्हा म्हणाला, "बाई, एक होडी विकायचा विचार चाललाय." मी कारण विचारले. वाटले, मासळी कमी झाली म्हणेल, खलाशी मिळत नाहीत म्हणेल. ती कारणे होतीच. पण त्याने वहीतले आकडे सांगावेत तसे सांगितले. "डिझेल आम्ही सगळे मिळून घेतो. बर्फ मिळून. सरकारशी भांडतो मिळून. आणि मासळी विकायला मात्र ज्याचा तो. हंगामाच्या आधी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते, मग भाव तो सांगेल तो. माझी बायको टोपली घेऊन वेगळी बसते, भावजय वेगळी. दोघी एकमेकींचा भाव पाडतात."

मला तर एवढ्यात सगळा प्रश्न कळला. खरेदीत सहकार आणि विक्रीत एकटेपण! आणि आज स्पर्धा आहे ती विक्रीतच. २०१५ साली बंगळुरूला निघालेल्या लिशियससारख्या कंपन्या साफ केलेली मासळी पुडक्यात घालून थेट अंधेरी-मालाडच्या घरांत पोहोचवतात. आमच्या कोळणीजवळ ताजी मासळी आहे, पारख आहे, पिढ्यानपिढ्यांची गिऱ्हाइके आहेत. नाही ते थंड पेटी, पोहोचवणारा मुलगा आणि रोज तोच वजनकाटा, तोच दर्जा. हे एकटीला परवडणार नाही. दहाजणींना सहज परवडेल.

हे स्वप्नरंजन नाही. आपल्या द्राक्ष बागायतदारांनी १९९१ साली 'महाग्रेप्स' काढून एकत्र निर्यात करायला सुरुवात केली. एकेकट्या शेतकऱ्याला युरोपचे दार उघडणे शक्य नव्हते. नॉर्वेत तर १९३८ सालच्या कायद्याने मासळीची पहिली विक्री मच्छीमारांच्याच विक्री संघांमार्फत करायचे ठरले आणि किमान भाव ठरवण्याचा अधिकार संघाला मिळाला. तेथेही होड्यांची आपापसात चुरस आहे, कोण जास्त चांगली मासळी आणतो याची. धक्क्यावर भाव पाडण्याची मात्र नाही. स्पर्धा कशात करायची आणि कशात नाही, हे एकदा बसून ठरवले की छोटा माणूस पुष्कळ टिकतो. आणि हे ठरवायला शिकलेली माणसे खाडीच्या पलीकडेच आहेत. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ पासून आहे. देशभरातून मुले तेथे शिकायला येतात. तेथले शास्त्र आणि इकडचा अनुभव यांच्यामधली फेरी मात्र माणसांच्या फेरीइतकी नियमित चालू नाही, असे मला आपले वाटते.

मी त्या विद्यार्थ्याला उपदेश केला नाही. शिक्षकाने निवृत्तीनंतर एवढे तरी शिकावे. फक्त विचारले, "विकलीस तर घेणार कोण?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ज्याच्या आधीच सहा आहेत तो." म्हणजे गावातला एक मालक कमी होणार आणि एक मालक मोठा होणार. होड्या तितक्याच राहतील, माणसेही तीच राहतील, पण आजचा नाखवा उद्या दुसऱ्याच्या होडीवर पगारी तांडेल. बंदर कसे हळूहळू रिकामे होते ते असे. पाहणाऱ्याला कळतही नाही.

त्याच्या बायकोने आणि भावजयीने दिवाळीनंतर एक बारीकशी गोष्ट सुरू केली आहे. दोघींचा मिळून एकच व्हॉट्सॲप ग्रुप. सकाळी आलेल्या मासळीचा फोटो आणि एकच भाव. एकीने साफ करायची, दुसरीच्या मुलाने स्कूटरवर पोहोचवायची. आता शेजारची तिसरीही त्यांच्यात आली आहे. गिऱ्हाइके अजून मोजकी आहेत, पण पेटीचा खर्च तिघींत वाटला जातो आणि संध्याकाळी उरलेली मासळी पडेल भावाने द्यावी लागत नाही. होडी विकण्याचा विषय निदान या हंगामापुरता मागे पडला आहे. पुढचे समुद्र जाणे.

असो. तुमच्याकडे विणकर असतील, कुंभार असतील, भाच्यासारखे लेथवाले असतील. ते खरेदी एकत्र करतात का, आणि विक्री? जरा चौकशी करून बघा. मला वाचायला आवडेल.