आयर्विनचा पूल आणि हरिपूरची पेवे

पावसाळ्यात कृष्णा चढू लागली की सांगलीच्या पेठेत हळदीच्या भावाआधी एकच प्रश्न ऐकू येतो, ‘आयर्विनला किती फूट?’ 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असते.

हा पूल 1929 साली रहदारीस खुला झाला व तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्यास मिळाले. सांगली संस्थानाची गादी त्या वेळी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्याकडे होती. तत्पूर्वी पैलतीरावरील सांगलवाडीहून येण्यास नावेचाच आधार असे. पुलाने इस्लामपूरकडील गूळ-हळदीच्या गाड्यांना पेठेची वाट मोकळी करून दिली. पादविहारी साधु-साध्वींच्या दृष्टीनेही पुलाचे मोल वेगळे आहे. नदी ओलांडताना अप्काय जीवांची जी विराधना घडते, ती येथे टळते. चातुर्मासात मात्र विहार थांबतो, आणि कृष्णेचा महापूरही बहुधा त्याच महिन्यांत येतो.

पुलाखालून पुढे गेलेली कृष्णा हरिपूर येथे वारणेस मिळते. संगमेश्वराच्या या गावाची माती चिवट. तिच्यात पाणी सहसा झिरपत नाही. म्हणूनच व्यापाऱ्यांनी येथे हळदीची पेवे खोदली. तोंड अरुंद, पोट विस्तीर्ण, आत उसाच्या पाल्याचे अस्तर. तोंड लिंपून बंद केले की आत हवा उरत नसे, हळदीस कीड लागत नसे, आणि औषधाची पूड मारण्याचे पापही टळत असे. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर माणसाने थांबायचे.

जमिनीखालून न शिरणारे पाणी 2005 साली वरून आले. त्या पुरात आयर्विनजवळची पातळी 53 फुटांपलीकडे गेली, पेवांत पाणी भरले आणि भावाची वाट पाहत ठेवलेली हळद जागच्या जागी कुजली. अनेक पेवे ढासळली. ज्यांचा माल गेला त्यांनी पुन्हा मातीवर विश्वास टाकला नाही, यात नवल ते काय! हळद गोदामांत व शीतगृहांत गेली. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन लाभले, तेव्हा वापरातील पेवे थोडीच उरली होती. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, कृष्णेने आयर्विनला 57 फुटांची रेषाही ओलांडली.