जुनेपणाची नोंद

गेल्या काही वर्षांत आपल्या घराघरांत एक नवी हौस रुजली आहे. काल मोबाइलवर काढलेला फोटो आज तपकिरी, फिकट आणि कडा काळवंडलेला होऊन भिंतीवर लागतो, लग्नपत्रिकेवर वा दुकानाच्या दिनदर्शिकेवर छापला जातो. या हौसेत मला वावगे काही वाटत नाही. ज्या सोलापुरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली आणि पुढे कित्येक पिढ्यांचा दिवस गिरण्यांच्या भोंग्यावर उगवला, तेथे आता ते भोंगे उरलेले नाहीत. गेलेल्या काळाकडे डोळे लागणे स्वाभाविकच आहे.

हे जुनेपण संगणकावर कसे घडते, ते माझ्या पुतण्याने मला शेजारी बसवून दाखविले. तो आधी सर्व रंग काढून चित्राला तपकिरी छटा देतो. मग काळा भाग थोडा करडा आणि पांढरा भाग पिवळसर करतो, कोपरे गडद करतो, वर बारीक कण आणि दोन-चार ओरखडे पसरतो. दहा मिनिटांत चित्र सत्तर वर्षे मागे जाते. २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले तेव्हापासून तर हे काम बोटाच्या एका स्पर्शावर आले आहे. त्यातील एका छटेचे नावच ‘१९७७’ असे होते.

गंमत अशी की, हे सारे डाग एका काळाचे नाहीत. तपकिरी रंग हा पुष्कळदा वयाचा परिणाम नसून स्टुडिओत मुद्दाम दिलेला असे. कागदावरील चांदीचे गंधकाशी संयुग केले की चित्र तपकिरी होई आणि अधिक टिकेही. पिवळेपणाचे कारण निराळे. १८५० मध्ये फ्रान्समधील ब्लांकार-एव्हरार यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला कागद पुढे आणला. आपल्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल; पण काळाने पिवळा पडतो तो हाच लेप. रंगीत फोटोंचे दुखणे आणखी वेगळे. त्यांतील निळसर रंग अनेकदा इतरांच्या आधी उडतो आणि चेहरे लालसर दिसू लागतात. संगणक ही निरनिराळ्या काळांची लक्षणे एकाच चित्रावर चढवितो. म्हणून ते चित्र जुने वाटते, परंतु कोणत्याच वर्षाचे नसते.

एरवी हा विषय मी येथेच सोडला असता. पण चाटी गल्लीतील आमच्या कापड दुकानाला ७५ वर्षे पूर्ण होत होती. स्मरणिकेसाठी आजोबांचा दुकानातील फोटो हवा होता आणि तो कोणाकडेच नव्हता. तेव्हा पुतण्याने धोतर, कोट आणि टोपी घालून स्वतःच गादीवर बैठक मारली, फोटो काढविला आणि वरील रीतीने तो जुना केला. चेहरेपट्टी आजोबांचीच, पाहणारा क्षणभर थबके. आजोबांच्या वेळचे दुकान पाहिलेल्या आता एकट्या आत्याच उरल्या आहेत. त्यांचे वय ८८. त्यांनी चित्र हाती घेतले, बराच वेळ न्याहाळले आणि हळूच म्हणाल्या, “गादी डाव्या हाताला होती का रे? मला तर ती उजवीकडेच आठवते. आता माझेच चुकत असेल.”

त्यांचे चुकत नव्हते. वडिलांनी १९८४ साली दुकान वाढविले तेव्हा गादी उजवीकडून डावीकडे हलविली. हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणजे दहा मिनिटांत तयार झालेल्या एका चित्राने घरातील शेवटच्या साक्षीदाराला आपल्याच आठवणीविषयी शंका घ्यायला लावली. मला हौसेपेक्षा ही गोष्ट मोठी वाटली.

आपण व्यापारी माणसे. दिवाळीला वहीपूजन करतो, पहिल्या पानावर वीर निर्वाण संवत् लिहितो आणि मगच आकडा मांडतो. सचोटीच्या पेढीत आजची रक्कम मागच्या तारखेला घातली जात नाही. चूक झालीच तर खाडाखोड न करता उलट नोंद होते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, गणली आहे. ती केवळ वहीपुरतीच असेल असे मला वाटत नाही. पुतण्याच्या मनात कपट नव्हते, पणजोबांविषयी प्रेमच होते. पण पन्नास वर्षांनी ती स्मरणिका उघडणाऱ्याला त्याचे मन कोठून कळणार? त्याच्या हाती फक्त चित्र असेल.

आम्ही ते चित्र वगळले नाही. त्याखाली ‘पणजोबांच्या वेशात पणतू, छायाचित्र २०२४, संगणकावर जुने केलेले’ असे स्पष्ट छापले. समोरच्या पानावर आत्यांनी सांगितलेली दुकानाची मांडणी त्यांच्याच शब्दांत दिली आणि पहिल्या वर्षाच्या रोजमेळाचे एक पानही घेतले. त्या पानाच्या कडा कोणी काळ्या केलेल्या नाहीत. शाई आपल्या वेळेने फिकी झाली आहे.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. मोबाइलच्या मूळ फाइलमध्ये दिनांक व वेळ आपोआप नोंदलेली असते, पण व्हॉट्सॲपवरून फिरताना ती नोंद बहुधा गळून पडते. म्हणून मूळ फाइल निराळी जपावी. छापलेल्या प्रतीच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, ठिकाण आणि वर्ष लिहावे. जुन्या फोटोंतील माणसे ज्यांना ओळखता येतात, त्यांच्याजवळ एक दुपार बसावे. तपकिरी छटा कोणत्याही फोटोला कधीही देता येईल. गादी कोणत्या हाताला होती, हे मात्र सांगणारे माणूस घरात आहे तोवरच विचारून घ्यावे लागते.