कोंकणकड्याची सावली

कैलासवासी तीर्थरूपांनीं हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्याचा सूर्योदयाच्या सुमारास घेतलेला एक फोटो आमच्या दिवाणखान्यांत असे. त्यास कसर लागली. मागें उरली ती निगेटिव्ह. मातोश्रींच्या इच्छेवरून तिची नवी प्रत काढावयास आम्ही बसलों. एन्लार्जरखालीं कागदास दहा सेकंद प्रकाश दिला, डेव्हलपरमध्यें चित्र उमटलें. पण कडा राखाडी भिंतीसारखा दिसला. मातोश्री स्वतः एकदां तेथें उभ्या राहिलेल्या. त्या म्हणाल्या, "कडा खरा, पण पोटांत गोळा येत नाहीं."

म्हणून पाचनईच्या वाटेनें आम्ही गड चढलों. रात्र लेण्यांत काढून सकाळीं कड्याच्या कांठीं पालथे पडून खालीं पाहिलें. कडा पश्चिमाभिमुख, सूर्य पाठीशीं. त्यामुळें आंत वळलेली सारी कातळभिंत सावलींत, आणि तिच्यापुढें कोंकण उजळत चाललेलें! सावली काळी खरी, तरी तींत कातळाचे थर दिसत होते.

घरीं येऊन पुनः तांबड्या दिव्याखालीं बसलों. 'मूनराइज, हर्नान्डेझ' या आपल्या १९४१ सालच्या निगेटिव्हच्या प्रती काढतांना अमेरिकेंतील अँसल ॲडम्स यांनीं पुढें आकाश अधिकाधिक काळें केलें, तें आठवलें. निगेटिव्हच्या न्यायानें प्रकाश अधिक तितकी काळोखी अधिक. कोंकणावर हाताची सावली धरली, कड्यास प्रकाश वाढविला. कागद वाळतांना थोडा काळवंडतो, म्हणून थर बुडूं नयेत इतपतच वाढविला.

वाळलेली प्रत मातोश्रींनीं बराच वेळ न्याहाळली. मग म्हणाल्या, "येथेंच यांनीं माझा हात घट्ट धरला होता."