कड्यावरची वहिवाट

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, माराझायन हे गाव सोडून पूर्वेकडे निघाले की समुद्रालगतच्या कड्यावरून पोर्थलेव्हन बंदरापर्यंत सुमारे 17 किलोमीटरची पायवाट जाते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला शेते. इथला हिवाळा सौम्य असल्याने दगडमातीच्या जुन्या बांधांआड फ्लॉवर आणि डॅफोडिल पिकतात. डॅफोडिल मिटल्या कळीतच खुडतात. ते उमलायचे गिऱ्हाइकाच्या घरी. माल केव्हा हलवावा हे शेतकऱ्यालाही व्यापाऱ्याइतकेच कळते.

वाटेची चाल मात्र कोड्यात टाकते. शेताच्या कडेने सरळ जायचे सोडून ती सतत कड्याच्या टोकाशी जाते आणि समुद्राने पोखरलेल्या प्रत्येक खोबणीत डोकावते. चालणाऱ्याचे पाय दुखतात. पण ती चालणाऱ्याच्या सुखासाठी पडलेलीच नाही. ती पडली करवसुलीपायी.

अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये चहावरील कर 119 टक्क्यांपर्यंत चढला होता. एवढा कर म्हणजे चोरट्या आयातीला आमंत्रणच. 1784 मध्ये पंतप्रधान विल्यम पिट यांनी तो साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहाच्या तस्करीचा कणा मोडला. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपले, कर पुन्हा वाढले.

याच वाटेवर प्रशिया कोव्ह नावाची खोबण लागते. जॉन कार्टर या तस्कराचे हे ठाणे. त्याच्याविषयी एक कथा सांगतात. तो बाहेर असताना अधिकाऱ्यांनी त्याचा माल जप्त करून पेन्झन्सच्या जकात-कोठारात ठेवला. गिऱ्हाइकांना माल ठरल्या वेळी पोचवण्याचा शब्द तर गेलेला! कार्टरने रात्री कोठार फोडले, आपला माल मोजून नेला आणि शेजारच्या दुसऱ्या मालाला हातही लावला नाही. सकाळी अधिकाऱ्यांनी एवढ्यावरूनच ओळखले, की हे काम कार्टरचे. पेढीवर बसणाऱ्याला ही कथा आवडेल, आणि ती आवडते हेच जरा अडचणीचे आहे. गिऱ्हाइकाशी चोख राहिल्याने सरकारचे देणे फिटत नाही.

1822 मध्ये कोस्टगार्ड दल स्थापन झाले. त्याचे शिपाई कड्यावरून पायी गस्त घालीत. प्रत्येक खोबणीत होडी लपली आहे का हे पाहणे भाग, म्हणून वाट काठाला चिकटून राहिली. जमीन शेतकऱ्याची, पावले सरकारची. तस्करी ओसरली, गस्तही थांबली, वाट उरली.

आपल्याकडे वहिवाटीचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पुढचा भाग ओळखीचा वाटेल. इंग्लंडच्या कायद्यात लोकांनी वीस वर्षे अखंड, उघडपणे वापरलेली वाट सार्वजनिक मानता येते. आपल्या 1882 च्या ईझमेंट कायद्यातही खाजगी वहिवाटीला वीस वर्षांचीच मुदत आहे. 1949 च्या कायद्याने तिथे लांब पल्ल्याच्या पायवाटांना सरकारी मान्यतेचा मार्ग खुला झाला. कोस्टगार्डच्या वाटांचे तुकडे जोडत 1978 पर्यंत 1014 किलोमीटरची सलग वाट उभी राहिली. माराझायन-पोर्थलेव्हन हा तिचा एक लहानसा टप्पा. बांधावर ओकच्या फळाचे चिन्ह दिसले की वाट बरोबर. फाटक उघडायचे, मागे लावून घ्यायचे. गुरे बाहेर पडली तर नुकसान शेतकऱ्याचे.

आता तंटा समुद्राशी आहे. लाटांनी कडा ढासळतो आणि त्यावरची वाटही जाते. जुन्या कायद्यात ढासळलेल्या जमिनीबरोबर हक्कही बुडे. नवी वाट हवी तर शेतकऱ्याची संमती किंवा वेगळा आदेश मिळवावा लागे. 2009 च्या कायद्याने कडा मागे सरेल तशी वाटही आत सरकवण्याची तरतूद केली. म्हणजे समुद्र घेतो ती जमीन शेतकऱ्याची, आणि वाटेसाठी पुन्हा सोडायची तीही त्याचीच. काही ठिकाणी जुने कुंपण कड्यावरून लोंबकळताना दिसते आणि चार पावले आत, पिकाच्या कडेला, नव्या खांबांची ओळ.