शूलिभंजनाची वाट



आपण वारकरी म्हणजे चालणारी माणसे. पण आपले चालणे सोबतीचे असते. पुढे पताका, मध्ये वीणा, मागे तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या मायबहिणी. पाय दुखले तरी टाळ पुढे ओढून नेतो. घाट लागला तरी तो आपण चढत नाही, दिंडी चढते. एकट्याने डोंगर चढण्याचा प्रसंग वारीत येत नाही, आणि म्हणून एकट्याने चालताना मनात काय काय वर येते याची आपल्याला सवय नसते.

अशी एकट्याची वाट आपल्याच संप्रदायात आहे. छत्रपती संभाजीनगरहून पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला. तिथून घाट चढून खुलताबाद, आणि खुलताबादहून चार-पाच किलोमीटरवर शूलिभंजनाचा डोंगर. पैठणचा एक पोरका मुलगा गुरूच्या शोधात देवगिरीला आला आणि त्या गुरूंनी त्याला अनुष्ठानासाठी याच डोंगरावर पाठवले. नाथमहाराजांच्या पायांखालची ही वाट. मी ती दरवर्षी मार्गशीर्षात, दत्तजयंतीची गर्दी व्हायच्या आधी, एकदा चालतो. यंदाच्या चालण्याबद्दल लिहायचे आहे. लिहिताना थोडी लाज वाटते आहे, पण लिहितो.

सकाळी एस.टी.ने दौलताबादला उतरलो. पूर्वी आधी गडावर जात असे. खंदकावरचा पूल, मग ती अंधारी, मग पायऱ्याच पायऱ्या, आणि वर जनार्दनस्वामींचे स्थान. आता गुडघा ऐकत नाही. खालूनच हात जोडले. जनार्दनस्वामी निजामशाहीत या गडाचे किल्लेदार होते. कमरेला तलवार, हाताखाली सैन्य, दफ्तर, कोठारे आणि एवढ्या सगळ्यात दत्तभक्ती. गुरुवारी त्यांच्या उपासनेसाठी गडाचा कारभार बंद असे, असे आपल्याकडे सांगतात. स्वामींचे गुरू म्हणून परंपरा ज्यांचे नाव घेते त्या चांद बोधल्यांचे स्थानही इथेच, दौलताबादेत. दर्ग्यासारखे दिसते. प्रथम आलेला वारकरी दारात क्षणभर थबकतो, मग चप्पल काढतो.

याच गडावर ती हिशेबाची गोष्ट घडली, जी तुम्ही कीर्तनात अनेकदा ऐकली असेल. स्वामींनी एकनाथांना दफ्तराचे काम दिले होते. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. दिवा लावून एकनाथ बसले, वातीवर वात जळाली, आणि पहाटे ती पै सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एवढ्याशा पैची चूक सापडली तर इतका आनंद, मग या संसारातली जी मोठी चूक आहे ती सापडली तर किती होईल, अशा अर्थाचे ते बोलले.

मला ही गोष्ट फार प्रिय. चौतीस वर्षे मी सरकारी कचेरीत लेखा विभागात काढली. पैची चूक म्हणजे काय, ती शोधताना पोटात कसा खड्डा पडतो आणि सापडल्यावर कसे हलके वाटते, हे मला ठाऊक आहे. कीर्तनकार पैपर्यंत आले की मी मान डोलवायचो. मोठ्या चुकीपर्यंत ते यायचे तेव्हा माझे लक्ष बहुधा दुसरीकडे असायचे.

रस्ता जुन्या तटाच्या दरवाजातून बाहेर पडतो आणि घाट सुरू होतो. वाहने फार, तेव्हा तुम्ही जाल तर कडेकडेने चाला आणि शक्यतो उन्हाआधी घाट संपवा. सीताफळांचा हंगाम सरला होता. तरी वळणावर एक बाई शेवटची चार फळे घेऊन बसली होती. तुरीला शेंगा धरल्या होत्या. पावसाळ्यात हा सगळा डोंगर हिरवागार असतो. मार्गशीर्षात गवत पिवळे पडते आणि काळा दगड उघडा दिसू लागतो. हाच दगड पुढे वेरूळला कोरला आहे. कैलास लेणे वरून खाली कोरत नेले, म्हणजे कळस आधी आणि पाया शेवटी. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला याचे नेहमी नवल वाटते, कारण तिथे खोडून दुरुस्त करण्याची सोय नव्हती.

घाटात कागजीपुरा लागतो. हातकागद करणाऱ्यांचे हे गाव. दौलताबादी कागदाचे नाव जुन्या दफ्तरांत आणि पोथ्यांत सगळीकडे आढळते. चिंध्यांचा लगदा हौदात कालवायचा, चाळणीवर उचलायचा, वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा. त्याच कागदावर कोणी जमाखर्च लिहिला, कोणी भागवत उतरवून घेतले. दरवर्षी मी इथे पाणी प्यायला थांबतो. यंदाही थांबलो.

खुलताबाद मोठे विलक्षण गाव आहे. भद्रा मारुती तिथे आडवा पहुडलेला, आणि भोवती सूफी संतांचे दर्गे. मलिक अंबरची कबर इथेच, औरंगजेबाचीही इथेच. मी मारुतीचे दर्शन घेतले आणि निघालो, कारण ऊन चढत होते.

शूलिभंजनाच्या चढावर गुडघ्याने साथ सोडली. दहा पावले, मग थांबणे, असे करत वर पोचलो. दत्ताचे मंदिर आहे, सूर्यकुंड आहे. परंपरा सांगते की इथे नाथ ध्यानात बसले असता एक सर्प येऊन त्यांच्यावर फणा धरत असे. आज तिथे वारा असतो, आणि आठवड्याच्या मधल्या वारी फारसे कोणी नसते. दर्शन झाल्यावर मी सावलीला बसलो, घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर सकाळचे एस.टी.चे तिकीट खाली पडले.

वय सदुसष्ट, त्यामुळे अर्धे तिकीट. ते मी जपून का ठेवले होते? सवय, दुसरे काय.

आता इथे मला घरची गोष्ट सांगावी लागते. आमची आई सहा वर्षांपूर्वी गेली. शेवटचे चौदा महिने ती अंथरुणावर होती, गावी, माझ्या थोरल्या भावाकडे. गाव या डोंगराच्या पलीकडेच, कन्नडच्या बाजूला. मी शहरात, म्हणून औषधपाण्याचा पैसा मी बघायचा असे ठरले होते, म्हणजे मी तसे धरून चाललो होतो. दर रविवारी जायचो. खर्चाची एक वही ठेवली होती. तेराव्यानंतर ती वही मी दादांपुढे ठेवली. एक लाख शहाऐंशी हजार चारशे रुपये, त्याचे निम्मे. दादांनी वही चाळली, मिटली, परत दिली. दोन हप्त्यांत पैसे दिले. त्यानंतर आमचे बोलणे राहिले नाही. लग्नाकार्यात समोर आलो तर एकमेकांना नमस्कार, तेवढाच.

या सहा वर्षांत मी नाथांच्या पालखीबरोबर चार वेळा पंढरपूरला गेलो. वाटेत कोण कुठला माणूस भेटला तरी त्याच्या पायाला हात लावून माउली म्हणालो. आणि मनात ठाम होतो की माझ्या वहीत एका पैचीही चूक नाही.

चूक नव्हतीच. बेरजा बरोबर होत्या. पण ते तिकीट हातात धरून बसलो असताना वहीचे एक पान डोळ्यांपुढे आले. माझ्या अक्षरात, तारीखवार: रविवार, गावी जाणे-येणे, एस.टी. भाडे. असे कितीतरी रविवार. आजारी आईला भेटायला गेलो त्याचे भाडे मी खर्चात धरले होते आणि त्यातले निम्मे दादांकडून घेतले होते. लिहिताना हात थांबला नव्हता. प्रवासखर्च हे सदर कचेरीत असते, म्हणून वहीतही आले.

मग जे सदर वहीत नव्हतेच ते आठवू लागले. चौदा महिने आईला कुशीवर कोण वळवत होते? अंथरूण कोण धूत होते? मी रविवारी पोचायचो तेव्हा आई स्वच्छ धुतलेल्या लुगड्यात, केस विंचरलेली, गळ्यात तुळशीची माळ नीट बसवलेली असायची. ते आपोआप तसे असते असे मला वाटत होते. वहिनी तेव्हा साठीला टेकलेल्या. त्यांच्या रात्रींचा मी काय दर लावणार होतो?

माउली, नाथांना पै सापडली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. मला तसे काही झाले नाही. तोंड कडू झाले. कुंडाच्या पायरीशी बराच वेळ बसून राहिलो. खाली शेतांचे तुकडे दिसत होते. वर मात्र नुसता वारा होता. खरे सांगतो, इथेच राहावे, खाली जाऊच नये, असेही वाटून गेले. पण नाथांचे चरित्र अशा वेळी सोयीचे पडत नाही. ज्या गुरूंनी त्यांना या डोंगरावर बसवले, त्यांनीच खाली उतरवले, तीर्थे करायला लावली आणि पैठणला जाऊन संसार कर असे सांगितले. पुढचे सगळे, ते भागवत, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत, ती दारात आलेल्या प्रत्येकाला दिलेली पंगत, हे संसारात राहून घडले.

मी पलीकडच्या बाजूने उतरलो. खाली रस्त्यावर एक टेम्पो मिळाला, त्याने गावाच्या फाट्यावर सोडले.

शेतात आल्याची काढणी चालली होती. आमच्या भागात आता आले फार होते. वहिनी बांधावर बसून गड्ड्यांची माती झाडत होत्या. मला लंगडत येताना पाहून उठल्या.

“भाऊजी, गुडघा दुखतोय का?” सहा वर्षांनंतरचे हे पहिले वाक्य. पाणी दिले. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, “वाकू नका, अजून दुखंल.”

दादा संध्याकाळी घरी आले. मला ओट्यावर पाहिले, हातपाय धुतले, शेजारी बसले. वाटभर जुळवून ठेवलेले शब्द ऐन वेळी आले नाहीत. मी खिशातले तिकीट काढून मध्ये ठेवले आणि म्हणालो, “दादा, त्या वहीत मी गाडीभाडं लावलं होतं.”

ते तिकिटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ते मला तेव्हाच दिसलं होतं.”

आणखी काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. आत वहिनींनी चूल पेटवली होती. थोड्या वेळाने दादा उठले आणि जाता जाता म्हणाले, “उद्या आल्याची गाडी भरायची. माणसं कमी आहेत. राहणार असशील तर राहा.”

गुडघा आखडला होता आणि शेवटची एस.टी. निघून गेली होती. राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वहिनींच्या शेजारी बसून आल्याची माती झाडली. ती माती नखांतून आठवडाभर गेली नाही.