कढीपत्त्यावरचं बिऱ्हाड

सप्टेंबर लागला की आमच्या साताऱ्यातून कास पठाराकडे गाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईची मंडळी गळ्यात हातभर लांबीचे कॅमेरे अडकवून निघतात. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासही आहे. तेव्हा जायलाच हवं, मीही जाते. पण मैत्रिणींनो, कासला जायचं म्हणजे डबे भरा, मुलांना आवरा आणि घरी येऊन पुन्हा कुकर लावा. मला रोज मिळतो तो सकाळचा अर्धा तास. तेवढ्यात कास होत नाही. घरामागचा कढीपत्ता मात्र होतो.

तुमच्या दारच्या कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की तुम्ही काय करता? बहुतेकजणी फांदी झटकून अळ्या खाली पाडतात, नाहीतर औषध मारतात. त्याआधी एकदा मोबाइल घेऊन झाडाजवळ जा, एवढंच माझं म्हणणं. कोवळ्या पानावर चिमणीची शिट पडल्यासारखं काही दिसेल. ती शिट नव्हे, अळी आहे! पक्ष्याने तोंड फिरवावं म्हणून घेतलेलं सोंग. मोठी होता होता ती कात टाकून हिरवीगार होते, पानात पान. काडीने हलकेच स्पर्श केलात तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर येतात आणि असा काही दर्प सुटतो की विचारू नका.

हे कॉमन मॉर्मन या काळ्या फुलपाखराचं बाळ. लिंबाच्या झाडावरही ही मंडळी असतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला ती राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, याच घराण्यातली. कॉमन मॉर्मनच्या नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. माद्यांत मात्र तऱ्हा आहेत. काही नरासारख्याच साध्या, तर काही लाल ठिपके मिरवणाऱ्या. तो लाल रंग उसना बरं का! कॉमन रोझ नावाचं एक विषारी फुलपाखरू आहे, पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याच्यासारखं दिसलं की आपोआप संरक्षण. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले, पायांपासून पोटापर्यंत न्याहाळले, तेव्हा एकाचं पोट लाल आणि दुसऱ्याचं काळं दिसलं. मग पुस्तक उघडलं.

सासूबाईंचा या बिऱ्हाडाला कडाडून विरोध होता. “फोटो काय फोडणीत घालायचे का?” त्यांचंही बरोबर होतं. झाड त्यांनी हाताने लावलेलं, आणि पोह्यांना, आमटीला, कढीला रोज पानं लागतात. मी वाद घातला नाही. एका अळीचा फोटो दोन बोटांनी मोठा करून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वरखाली केला आणि म्हणाल्या, “अगं, हिला तर काठ आहेत लुगड्यासारखे!” त्या दिवशी तह झाला. रस्त्याकडच्या दोन फांद्या अळ्यांच्या, बाकी झाड आमचं. इकडच्या अळ्या त्या पानासकट खुडून तिकडे नेऊन ठेवतात. अंड्यापासून फुलपाखरू व्हायला साधारण महिना लागतो, आणि झाडाला पुन्हा पालवी फुटतेच.

आता फोटोंचं. साधा मोबाइल पुरतो. आधी त्याची काच पुसा. आपल्या हातांना पीठ, तेल, हळद काही ना काही असतंच. सकाळी ऊन कोवळं असताना जा, कारण फुलपाखरांना पंख तापल्याशिवाय उडता येत नाही, ती पंख पसरून शेकत बसलेली असतात. आपली सावली अंगावर पडली की उडालीच म्हणून समजा. लांबून चित्र मोठं करण्यापेक्षा एकेक पाऊल जवळ जा आणि गुडघे वाकवून त्याच्या उंचीला या. पंख मिटलेलं असलं तरी फोटो घ्या, ओळख पुष्कळदा खालच्या बाजूनेच पटते. काही जण फुलपाखराला फ्रीजमध्ये ठेवून, गारठवून फोटो काढतात. तसला फोटो मला नको.

रस्त्याकडेला वाकून बसलं की हमखास प्रश्न येतो, “वहिनी, काही हरवलंय का?” सुरुवातीला मी मोबाइल पदराआड करून उठत असे. पुरुष पानटपरीपाशी तासभर उभा राहिला तरी त्याला कुणी काही विचारत नाही, हे लक्षात आल्यापासून मी “सापडलंय!” म्हणते आणि त्यांनाच दाखवते.

चतुर त्या मानाने सोपा. एका काडीवरून उडाला तरी बऱ्याचदा फिरून तिथेच येऊन बसतो. तुम्ही फक्त काडीवर नेम धरून थांबायचं. पंख आडवे पसरून बसतो तो चतुर. बारीक अंगाची, बहुधा पंख पाठीवर मिटून बसते ती टाचणी. पावसाळा सरताना मैदानावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, ज्यांच्या शेपटीला मुलं दोरा बांधतात, ते पाहिलेत ना? मालदीवमध्ये राहणारे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली असं मांडलं, की हेच चतुर भारतातून वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात. शाळेत मी हे सांगितलं, तेव्हा दोरा बांधणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, “बाई, मग वाटेत बसतात कुठे?” त्यानंतर त्याच्या हातात दोरा दिसला नाही. चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात हेही खरं, पण म्हणून पाण्याचं पिंप तसंच ठेवू नका हं. डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, चतुराला कितीतरी जास्त लागतात. पिंप आठवड्याला घासून कोरडं करायचंच.

खरी पंचाईत झाली ती इमारतीमागच्या मोकळ्या जागेवरून. तिथे टाकळा, एरंड आणि रुईची रानटी झुडपं. सोसायटीच्या बैठकीत ठरू लागलं, की जेसीबी आणून सगळं साफ करावं. साप निघतात, मुलं खेळतात, हे काही खोटं नाही. पण त्या रुईवर प्लेन टायगरच्या अळ्या असतात, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या. रुईचा विषारी चीक पचवून त्या तो अंगात साठवतात, म्हणूनच ते केशरी फुलपाखरू इतकं संथ उडतं. (चीक आपल्या डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका.) मी त्या जागेत काढलेले एकोणीस जातींचे फोटो बैठकीत दाखवले. “एवढं सगळं आपल्या मागे?” असं चिटणीसांनीच विचारलं. शेवटी शनिवारी मारुतीला घालायच्या रुईच्या माळेनेही माझी बाजू घेतली, असं म्हणायला हरकत नाही, कारण दोघी-तिघी काकू तेवढ्यासाठी माझ्याकडून बोलल्या.

जेसीबी आला. एरंड गेला, टाकळाही गेला. कुंपणालगतची चार रुईची झुडपं राहिली. परवा तिसऱ्या झुडपाच्या पानाखाली फिकट हिरवा कोष लोंबताना दिसला, अगदी कानातल्या डुलासारखा. सध्या मी आणि सासूबाई आळीपाळीने बघून येतो.