कुत्रा अचानक चावायला लागला तर कोणाला दाखवायचे?

पनवेलच्या माझ्या दवाखान्यात एक आजी आल्या. घरचाच कुत्रा हाताला चावला होता. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुतली, रेबीजची लस सुरू केली. "डॉक्टर, तो असा नव्हता हो. त्याला कोणाला दाखवू?" मला पटकन उत्तर सुचेना.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी पशुवैद्य गाठा; चावण्यामागे दुखणे असू शकते, रेबीजही. बी.व्ही.एस्सी.ला साडेपाच वर्षे लागतात, एम.व्ही.एस्सी.ला पुढे दोन. ब्रिटनच्या लिंकन विद्यापीठात प्राण्यांच्या वर्तनोपचारांवर एम.एस्सी. आहे, नुसत्या श्वानप्रेमावर तिथे प्रवेश नाही. आपल्याकडे 'ट्रेनर'ची पाटी कोणीही लावतो, म्हणून शिक्षण विचारा. मारून शिकवणारा असेल तर सरळ परत फिरा.

आजींच्या कुत्र्याचा कान आतून पिकला होता.